किमेजच्या गिरणीतले परवासी : डब्लिनच्या १९१६ च्या उठावातील स्थलांतरित आयरिश

इ.स. १९१६ मध्ये पुनरुत्थानाचा सण २३ एप्रिल रोजी आला होता. सणाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, डब्लिन शहराच्या दक्षिणेस हॅरल्ड्स क्रॉस येथे पन्नासेक तरुणांची एक तुकडी ट्राममध्ये चढली. त्यांच्याजवळ शिकारीच्या बंदुका होत्या, घरी घडवलेले भाले होते, डब्यांत दारू भरून केलेले हातबाँब होते. तुकडीचा प्रमुख जॉर्ज प्लंकेट याने सर्वांची तिकिटे रीतसर पैसे मोजून घेतली, असे सांगितले जाते. तासाभरात हे तरुण शहराच्या मध्यभागी पोहोचले आणि दुपारी डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयाचा ताबा घेणाऱ्यांत सामील झाले. आयर्लंडच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याच इमारतीसमोर वाचला गेला.

या तरुणांच्या बोलण्याची ढब मात्र डब्लिनची नव्हती. कोणी लिव्हरपूलच्या गोदीभागात वाढलेला होता, कोणी ग्लासगोच्या कामगार वस्तीत, कोणी लंडनमध्ये, कोणी मँचेस्टरमध्ये. त्यांतील कित्येकांचा जन्मही आयर्लंडबाहेरचा. डब्लिनचे लोक त्यांना थोड्याशा थट्टेने ‘निर्वासित’ म्हणत. ज्या देशासाठी ते प्राण द्यायला निघाले होते, तेथे ते परके वाटत. आणि ज्या देशात वाढले, तेथे त्यांना आयरिश म्हणून वेगळे काढले जाई. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याविषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. या परवासी मुलांविषयी फारसे वाचावयास मिळत नाही. म्हणून हा लेख.

दुष्काळ, गोदी आणि धर्मग्राम

या मुलांचे आजी-आजोबा ज्या कारणाने समुद्र ओलांडून आले, ते कारण प्रथम ध्यानात घ्यावे लागेल. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढील सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी दगावली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देशोधडीला लागली. एकट्या १८४७ या वर्षी लिव्हरपूल बंदरात सुमारे तीन लाख आयरिश उतरले. काही पुढे अमेरिकेला गेले. ज्यांच्याजवळ पुढच्या प्रवासाचे पैसे नव्हते, ते तळघरांतून दाटीवाटीने राहिले. तेथे टायफसची साथ पसरली. आजाऱ्यांना अंत्यसंस्काराचा अभ्यंग देण्यासाठी त्या तळघरांतून फिरणारे दहा धर्मगुरू त्या एका वर्षात त्याच रोगाने मृत्युमुखी पडले. लिव्हरपूलच्या संत पॅट्रिक चर्चसमोर त्यांच्या स्मरणार्थ क्रूस उभा आहे. त्या शहरातील कॅथलिक समाजाचा पायाच अशा धर्मगुरूंनी आणि अशा निर्वासितांनी घातला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंड व वेल्समध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेले सुमारे सव्वाचार लाख आणि स्कॉटलंडमध्ये सुमारे दोन लाख लोक राहत होते. त्यांची परदेशात जन्मलेली मुले-नातवंडे या आकड्यात धरलेली नाहीत. चर्च, चर्चला लागून शाळा, शाळेला लागून सभागृह : समाजाचे सारे जीवन या तीन वास्तूंभोवती फिरे. ग्लासगोमधील मारिस्ट बंधू वॉलफ्रिड यांनी धर्मग्रामातील भुकेल्या मुलांना जेवण देता यावे म्हणून १८८७ साली संत मेरी चर्चच्या सभागृहात एका फुटबॉल क्लबची स्थापना केली. तोच आजचा जगप्रसिद्ध ‘सेल्टिक’ क्लब. लिव्हरपूलच्या एका मतदारसंघातून तर १८८५ पासून १९२९ पर्यंत टी. पी. ओकॉनर हे आयरिश राष्ट्रवादी पक्षाचे सभासद म्हणून संसदेत निवडून येत राहिले. आयर्लंडबाहेरून निवडून आलेले त्या पक्षाचे ते एकमेव प्रतिनिधी होते.

अशा वातावरणात वाढलेल्या तरुणांना आयर्लंड हा देश डोळ्यांनी पाहण्याआधीच कानांनी परिचित असे. संध्याकाळी गेलिक भाषेचे वर्ग, रविवारी मिस्सेनंतर हर्लिंगचा खेळ आणि मग हळूच कानात सांगितली जाणारी गुप्त संघटनेची गोष्ट, असा क्रम असे. मायकल कॉलिन्स १९०६ साली वयाच्या पंधराव्या वर्षी कॉर्कमधून लंडनला आला तो टपाल बचत बँकेत कारकून म्हणून. तेथेच तो एका गेलिक क्रीडा मंडळाचा चिटणीस झाला, आणि १९०९ मध्ये त्याने गुप्त संघटनेची शपथ घेतली. त्याला संघटनेत आणणारा सॅम मॅग्वायर हा प्रॉटेस्टंट होता. हा तपशील आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण हा लढा केवळ कॅथलिकांचा होता असा समज आपल्याकडे सहज होतो आणि तो पूर्णतः बरोबर नाही.

दोन वाटा

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा आयरिश नेते जॉन रेडमंड यांनी ब्रिटिश सैन्यात भरती होण्याचे आवाहन केले. युद्धानंतर स्वराज्य मिळेल, अशी त्यांना आशा होती. बहुसंख्य आयरिश स्वयंसेवकांनी त्यांचे ऐकले. परदेशातील आयरिश समाजातही तेच घडले. उत्तर इंग्लंडमध्ये ‘टाइनसाइड आयरिश’ नावाच्या चार पलटणी उभ्या राहिल्या. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत त्यांची भयंकर हानी झाली. डब्लिनमध्ये उठाव चालू होता त्याच आठवड्यात, २७ ते २९ एप्रिल रोजी, फ्रान्समधील हुलुख येथे विषारी वायूच्या हल्ल्यात सोळाव्या आयरिश डिव्हिजनचे पाचशेहून अधिक सैनिक मारले गेले. एकाच धर्मग्रामात, कधी एकाच घरात, एक मुलगा त्या पलटणीत आणि दुसरा किमेजच्या गिरणीत, अशी स्थिती होती. परवाशांच्या या आठवणीचा विचार करताना दुसऱ्या मुलाची आठवण काढणे आणि पहिल्याला विसरणे आम्हांस योग्य वाटत नाही.

जे युद्धात जाऊ इच्छित नव्हते त्यांची कोंडी जानेवारी १९१६ मध्ये झाली. त्या महिन्यात सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा संमत झाला. ग्रेट ब्रिटनमध्ये राहणाऱ्या १८ ते ४१ वर्षे वयाच्या अविवाहित पुरुषांना तो लागू होता. आयर्लंडला त्यातून वगळले होते. लिव्हरपूलच्या आयरिश तरुणापुढे तीनच पर्याय उरले : सैन्य, तुरुंग किंवा डब्लिनची बोट. कॉलिन्सने जानेवारीतच ती बोट पकडली. एकामागून एक इतरही आले.

ते केवळ भरती चुकवण्यासाठी पळाले, हा आरोप त्या वेळीही झाला. आरोपात काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही, कारण कायदा नसता तर कित्येक जण तिकडे आलेच नसते. परंतु मरण चुकवू पाहणारा माणूस सशस्त्र उठावाच्या तयारीसाठी समुद्र ओलांडून येत नाही, हेही तितकेच खरे.

याच संदर्भात लिमेरिकचे बिशप एडवर्ड ओड्वायर यांचे नाव घेणे प्राप्त आहे. नोव्हेंबर १९१५ मध्ये अमेरिकेला निघालेल्या शेकडो गरीब आयरिश तरुणांना लिव्हरपूल बंदरावर अडवले गेले. जमावाने त्यांना भित्रे म्हणून हिणवले आणि जहाजावर चढू दिले नाही. तेव्हा बिशप महोदयांनी वृत्तपत्रांना पत्र लिहून त्या मुलांची बाजू घेतली. जे युद्ध त्यांनी सुरू केले नाही आणि ज्याचा त्यांच्या आयुष्याशी संबंध नाही, त्यात त्यांनी का मरावे, असा त्या पत्राचा रोख होता. परवासी गरिबांच्या बाजूने इतक्या उघडपणे बोलणारा आवाज तेव्हा दुर्मीळ होता.

लार्कफील्डची गिरणी

डब्लिनला आलेल्या या तरुणांना राहायला जागा हवी होती. ती मिळाली प्लंकेट कुटुंबाच्या किमेज येथील लार्कफील्ड नावाच्या मालमत्तेवर. तेथे एक जुनी गिरणी होती. कुटुंबप्रमुख जॉर्ज नोबल प्लंकेट हे डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक. रोममधील धर्मभगिनींना दिलेल्या देणगीबद्दल पोप तेरावे लिओ यांनी १८८४ साली त्यांना ‘काउंट’ ही पदवी दिली होती. त्यांचा मुलगा जोसेफ हा कवी, क्षयाने जर्जर झालेला, आणि उठावाच्या आखणीतील एक प्रमुख. दुसरे दोन मुलगे, जॉर्ज आणि जॅक, हेही चळवळीत होते. एप्रिल १९१६ मध्ये वृद्ध काउंट रोमला जाऊन पोप पंधरावे बेनेडिक्ट यांना भेटून आले.

गिरणीत ऐंशी-नव्वद माणसे राहू लागली. अंथरूण गवताचे, जेवण यथातथाच. दिवसभर काम असे ते काडतुसे भरण्याचे, शिसे वितळवण्याचे, भाले घडवण्याचे. लिव्हरपूलचे केर आणि किंग बंधू, लंडनचे अर्नी व शॉन न्यूनन हे बंधू, ग्लासगोचे कितीतरी जण. शहरांप्रमाणे त्यांचे गट पडत आणि आपापल्या बोलीवरून एकमेकांची थट्टा चाले. परगावी एका खोलीत दाटीने राहून दिवस काढलेल्या आपल्या वाचकांना ते चित्र वेगळे सांगावयास नको.

पवित्र सप्ताहात उठावाचा बेत जवळजवळ कोसळला. जर्मनीहून येणारी शस्त्रे बुडाली. वरिष्ठांत मतभेद होऊन रविवारची कवायत रद्द झाल्याची सूचना वृत्तपत्रात आली. त्या शनिवारी डब्लिनच्या चर्चेसमध्ये तरुणांनी प्रायश्चित्ताचा साक्रामेंत स्वीकारण्यासाठी रांगा लावल्या होत्या. इतक्या तरुणांनी एकाच वेळी आत्म्याची तयारी करावी, यावरून काही धर्मगुरूंना काय घडणार याचा अंदाज आला असावा. सोमवारी सकाळी किमेजची तुकडी निघाली.

त्या सप्ताहातील काही जण

ग्लासगोकडून आलेला शेमस रॉबिन्सन हा त्यांतला एक. त्याचा जन्म बेलफास्टचा. कुमारवयात तो स्कॉटलंडमधील फोर्ट ऑगस्टस येथील बेनेडिक्टाइन मठात नवव्रती होता. पुढे तो मठ सोडून बाहेर पडला. उठावाच्या सप्ताहात पुलाच्या कोपऱ्यावरील एका जवाहिऱ्याच्या दुकानाचा बचाव त्याच्याकडे होता. मठातून निघून तो बंदुकीकडे कसा वळला, हे आमच्यासारख्या सेमिनरीत शिकलेल्यांना विचारात पाडणारे आहे. जानेवारी १९१९ मध्ये टिपररीतील ज्या हल्ल्याने स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले असे मानतात, त्यातही तो होता. त्या हल्ल्यात मरण पावलेले दोघे पोलीस आयरिश होते, कॅथलिक होते.

पॅट्रिक शॉर्टिस हा केरीचा. डब्लिनच्या ऑल हॅलोज कॉलेजात त्याने धर्मगुरुपदाचे शिक्षण घेतले, परंतु दीक्षेपूर्वी ते सोडून तो लंडनला गेला व बिनतारी संदेशाचे काम शिकला. चार्ल्स कॅरिगन हा स्कॉटलंडमधील डेनी गावात वाढलेला, धंद्याने शिंपी. शुक्रवार, २८ एप्रिल रोजी टपाल कार्यालयाला आग लागल्यावर बाहेर पडण्याची वाट शोधण्यासाठी एक छोटी तुकडी मूर स्ट्रीटमध्ये सैन्याच्या गोळ्यांना सामोरी गेली. तिच्यात हे दोघे होते. दोघेही तेथेच पडले. कॅरिगनचा त्या दिवशी चौतिसावा वाढदिवस होता.

मार्गारेट स्किनिडर हिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. १८९२ साली ग्लासगोजवळील कोटब्रिज येथे आयरिश कुटुंबात तिचा जन्म झाला. ती गणिताची शिक्षिका होती. महायुद्धाच्या काळात स्त्रियांसाठी निघालेल्या एका नेमबाजी वर्गात ती बंदूक चालवायला शिकली. साम्राज्याच्या रक्षणासाठी दिलेले ते शिक्षण तिने भलत्याच कामी लावले. १९१५ च्या नाताळच्या सुटीत ती स्फोटकांचे सुरुंगदाणे टोपीखाली लपवून बोटीने डब्लिनला आली. उठावात ती सायकलवरून निरोप पोहोचवी, आणि वेळ पडली की शल्यवैद्यांच्या महाविद्यालयाच्या छपरावरून नेम धरी. बुधवारी रात्री एका इमारतीला आग लावण्यासाठी गेलेल्या तुकडीचे नेतृत्व तिच्याकडे होते. तीन गोळ्या तिच्या अंगात शिरल्या. तिच्यासोबतचा सतरा वर्षांचा फ्रेड रायन जागीच ठार झाला. धर्मभगिनी चालवीत असलेल्या संत व्हिन्सेंट रुग्णालयात ती कित्येक आठवडे पडून होती.

ती जगली. १९१७ मध्ये तिने आपल्या अनुभवांचे पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध केले. स्वतंत्र आयर्लंडच्या शासनाकडे तिने जखमी सैनिकाचे निवृत्तिवेतन मागितले तेव्हा १९२५ साली तिचा अर्ज नाकारण्यात आला. कायद्यातील ‘सैनिक’ या शब्दाचा अर्थ पुरुष असाच होतो, असे कारण देण्यात आले. तीन गोळ्यांच्या खुणा अंगावर असलेल्या बाईला हे उत्तर! वेतन मिळाले ते १९३८ मध्ये. दरम्यान ती डब्लिनमध्ये धर्मभगिनींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होती. १९६१ पर्यंत तिने शिकवले. शिक्षक संघटनेची ती अध्यक्षही झाली. १९७१ साली ती निवर्तली.

उठावाच्या नेत्यांतही परवासी कमी नव्हते. जेम्स कॉनली एडिंबरोच्या काउगेट या गरीब आयरिश वस्तीत १८६८ साली जन्मला होता. टॉम क्लार्कचा जन्म इंग्लंडमध्ये, ब्रिटिश सैन्यातील एका आयरिश सार्जंटच्या घरी. एमन डी व्हॅलेरा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला. जाहीरनाम्यात परदेशी गेलेल्या लेकरांचा उल्लेख आला तो उगाच नव्हे.

चर्चची भूमिका

२९ एप्रिल रोजी शरणागती झाली. या सहा दिवसांत सुमारे ४८५ माणसे मरण पावली. त्यांत निम्म्याहून अधिक निःशस्त्र नागरिक होते आणि सुमारे ४० मुले होती. हा आकडा आम्ही वाचकांपुढे मुद्दाम ठेवतो. उठावाच्या एका नेत्याने, पॅट्रिक पीअर्स याने, आपल्या लिखाणात रक्तदान आणि पुनरुत्थान यांची सांगड घातली होती. उठावासाठी ईस्टरचाच सण निवडला गेल्याने ती सांगड लोकमनात पक्की झाली. पास्काचे बलिदान एकच आहे, आणि त्यात बळी जाणाऱ्याने दुसऱ्या कोणाचाही जीव घेतला नाही. देशासाठी मरणाऱ्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही ही उपमा आम्हांस स्वीकारता येत नाही.

त्या वेळच्या आयरिश बिशपांतही एकमत नव्हते. काहींनी उठावाचा स्पष्ट निषेध केला, बरेच जण गप्प राहिले. ३ ते १२ मे दरम्यान पंधरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या तेव्हा लोकमत बदलू लागले. १७ मे रोजी बिशप ओड्वायर यांनी सेनापती मॅक्सवेल यांना उघड पत्र लिहिले. शरण आलेल्या तरुणांना मारणे अमानुष आहे, असे त्यांनी त्यात ठणकावले आणि आपल्या दोन धर्मगुरूंवर कारवाई करण्यास नकार दिला.

मृत्युदंड झालेल्यांपाशी शेवटपर्यंत राहिले ते डब्लिनच्या चर्च स्ट्रीटवरील कपुचिन धर्मगुरू. ४ मे रोजी मारल्या गेलेल्या जोसेफ प्लंकेटचा विवाह आदल्या रात्री तुरुंगातील चॅपलमध्ये ग्रेस गिफर्डशी लागला. जखमी कॉनलीला १२ मे रोजी खुर्चीत बसवून गोळ्या घालण्यात आल्या. त्यापूर्वी फादर अलोयशियस यांनी त्याला परमप्रसाद दिला होता. आपल्यावर गोळी झाडणाऱ्या सैनिकांसाठी प्रार्थना करशील का, असे त्यांनी विचारले आणि त्याने होकार दिला, अशी फादरांनी नोंद ठेवली आहे. याच संघातील फादर अल्बर्ट आणि फादर डॉमिनिक यांना पुढे अमेरिकेला पाठवण्यात आले. ते तेथेच १९२५ व १९३५ साली वारले. १९५८ मध्ये त्यांच्या अस्थी मायदेशी आणल्या गेल्या. परवाशांना धीर देणारे धर्मगुरू स्वतःच परवासी होऊन मेले.

नाव न सांगणारे कैदी

किमेजच्या तुकडीतील कोणाचाही मृत्युदंड अमलात आला नाही. इतरांबरोबर त्यांनाही ब्रिटनमधील तुरुंगांत आणि नंतर वेल्समधील फ्रॉनगॉख येथील छावणीत नेण्यात आले. तेथे सुमारे १,८०० आयरिश कैदी होते. दररोज मिस्सा होई. रात्री माळेची प्रार्थना.

येथे लष्करभरतीचा कायदा पुन्हा त्यांचा शोध घेत आला. ऑगस्ट १९१५ मध्ये जे ब्रिटनमध्ये राहत होते, ते कायद्याने सैनिकच, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे. अशा साठेक जणांना वेगळे काढून पलटणीत धाडायचे होते. मायकल कॉलिन्सही त्या व्याख्येत बसत होता. परंतु कोण कोठला हे ओळखायचे कसे? कैद्यांनी ठरवले की नावाने हाक मारली तरी कोणीही ओ द्यायची नाही. डब्लिनच्या, गॉलवेच्या, कॉर्कच्या माणसांना या कायद्याची भीती नव्हती. ओ देऊन ते मोकळे होऊ शकत होते. तरीही शेकडोंनी मौन पाळले आणि त्यापायी शिक्षा, उपोषण, आजारपण सोसले. लंडनच्या न्यूनन बंधूंसारख्या काहींना तरीही ओळखून नेण्यात आले. त्यांनी लष्करी गणवेश चढवण्यास नकार दिला. उरलेल्यांना १९१६ च्या नाताळाच्या तोंडावर सोडून देण्यात आले. एप्रिलमध्ये ज्यांना ‘निर्वासित’ म्हणून हिणवले गेले, त्यांच्यासाठी डिसेंबरपर्यंत सारी छावणी गप्प बसली होती. आमच्या मते या साऱ्या कथेतील सर्वात मोलाचा प्रसंग हाच आहे, आणि त्यात एकही गोळी सुटलेली नाही.

नंतरची वर्षे

पुढील लढ्यातही परवासी समाजाने वाटा उचलला. डी व्हॅलेरा लिंकनच्या तुरुंगात असताना मिस्सेत सेवा करीत असे. चॅप्लेनची किल्ली हाताशी येताच त्याने वेदीवरच्या मेणबत्त्यांच्या मेणात तिचा ठसा घेतला. केकमध्ये लपवून किल्ल्या आत पाठवल्या गेल्या आणि ३ फेब्रुवारी १९१९ रोजी तो निसटला. बाहेरची तयारी मँचेस्टरच्या आयरिश कुटुंबांनी केली होती. ही गोष्ट आयर्लंडमध्ये हसत सांगितली जाते.

सारेच हसण्याजोगे नव्हते. २८ नोव्हेंबर १९२० च्या रात्री लिव्हरपूल व बूटल येथील कापसाच्या वखारी पेटवण्यात आल्या. त्या रात्री एका निरपराध तरुणाचा बळी गेला. त्यानंतर त्या शहरांतील साध्या आयरिश कुटुंबांकडे शेजारी संशयाने पाहू लागले. १९२२ च्या यादवीत तर किमेजचे सोबतीही एकमेकांविरुद्ध उभे राहिले. कॉलिन्स त्या ऑगस्टमध्ये आपल्याच देशबांधवांच्या गोळीने मेला. रॉबिन्सन विरुद्ध पक्षात होता. शॉन न्यूनन पुढे वॉशिंग्टन येथे आयर्लंडचा राजनैतिक प्रतिनिधी झाला. बाकीच्यांपैकी कित्येक जण पोटासाठी पुन्हा परदेशी गेले.

त्यांची हकिगत आज वाचता येते ती दोन संग्रहांमुळे. १९४७ ते १९५७ या काळात आयरिश शासनाने लढ्यातील सहभागी व्यक्तींचे १,७७३ जबाब लिहून घेतले. ते २००३ साली सर्वांना खुले झाले. निवृत्तिवेतनाच्या अर्जांची कागदपत्रे २०१४ पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाली. आपण त्या सप्ताहात कोठे होतो, कोणत्या खिडकीत होतो, हे उतारवयात साहेबांना पटवून देण्यासाठी लिहिलेले हे अर्ज आहेत.

आठवण कोणाची ठेवायची, हा वाद अजून मिटलेला नाही. उठावाच्या शताब्दीनिमित्त ३ एप्रिल २०१६ रोजी डब्लिनच्या ग्लासनेव्हिन स्मशानभूमीत एक भिंत उभारली गेली. त्या सप्ताहात मेलेल्या सर्वांची नावे, मग तो बंडखोर असो, ब्रिटिश सैनिक असो वा रस्त्यावर खेळणारे मूल, तिच्यावर एकाच ओळीत कोरली होती. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये तिची नासधूस झाली. शेवटी २०२२ साली ती पुढे न ठेवण्याचा निर्णय झाला. नोव्हेंबरमध्ये आपण सर्व मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो तेव्हा बाजू विचारत नाही. दगडावर तसे करणे मात्र कठीण गेले.

दगशाईचे थडगे

लिव्हरपूलचा आणखी एक आयरिश पक्षाचा तरुण आपल्या देशाच्या मातीत मेला, म्हणून त्याची नोंद येथे करतो. तो किमेजला नव्हता. तो ब्रिटिश सैन्याच्या कॉनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीत होता. २८ जून १९२० रोजी जालंधरच्या बराकीत या पलटणीतील काही सैनिकांनी, आयर्लंडमध्ये ब्रिटिश फौजा करीत असलेल्या अत्याचारांच्या निषेधार्थ, बंदुका खाली ठेवल्या. ही वार्ता सोलनच्या टेकडीवरील तुकडीपर्यंत पोहोचली. १ जुलैच्या रात्री जेम्स डेली याच्या नेतृत्वाखाली काहींनी शस्त्रागारावर चाल केली. तीत पॅट्रिक स्मिथ आणि पीटर सिअर्स हे दोघे ठार झाले. फादर बेकर यांनी मध्ये पडून सैनिकांना समजावले, म्हणून रक्तपात तेवढ्यावर थांबला. लष्करी न्यायालयाने अनेकांना मृत्युदंड फर्मावला. अंमल एकट्या डेलीवर झाला. विशीतील या तरुणाला २ नोव्हेंबर १९२० रोजी, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या.

त्याच तुरुंगात जॉन मिरांडा हा सैनिक आजाराने मरण पावला. वसईत वा गोव्यात हे आडनाव ऐकून कोणी वळून पाहील. हा मिरांडा मात्र लिव्हरपूलचा, आणि त्याने आयर्लंडसाठी उभे राहायचे ठरवले होते. १९७० साली आयरिश शासनाने हिमाचलातून अस्थी मायदेशी नेल्या. डेलीचे दफन वेस्टमीथमधील टिरेल्सपास येथे झाले, स्मिथ व सिअर्स यांचे ग्लासनेव्हिनला. त्या तिघांत मिरांडा नव्हता.